पुंगळी छाटायची खरी, पण मोजायची कुठून?

पत्र

नमस्कार काका,
मी टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या जरा बाहेर राहतो. गेल्या वर्षी अमेरिकेचा नागरिक झालो आणि तेव्हापासून नेमबाजीचा नाद लागलाय. .223 ची एआर-15 आणि .308 ची एक बोल्ट-अॅक्शन रायफल आहे. काडतुसं घरीच भरतो. रेंजवरून वेचलेल्या .223 च्या दोनेक हजार पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, बादल्यांत पडून आहेत, .308 च्या असतील दोनशे. वापरून लांबलेल्या पुंगळ्यांची तोंडं छाटायला फॉर्स्टरचा हाताने फिरवायचा ट्रिमर आहे, पण शंभर झाल्या की मनगट बोलायला लागतं. म्हणून पॉवर ट्रिमर घ्यायचाय. बजेट तीनशे डॉलर. मित्राचा ड्रिलला लावायचा ट्रिमर आणून पाहिला, तर व्हर्नियरवर माप कधी 1.748 इंच, कधी 1.753. मशीन भिकार की मी? कुणी म्हणतं जिरॉ घे, कुणी फ्रँकफर्ड आर्सेनल, आणि एक जण तर म्हणतो घ्यायचं तर डिलनच. बायकोचं म्हणणं असं की मुलं त्याच गॅरेजमधून सायकली काढतात, तिथे हा पितळेचा कीस नको. एच-1बी वर असलेला एक मित्र शनिवारी मदतीला येतो म्हणतोय. आणि शेवटचं: नवीन घेतला की जुना ट्रिमर सांगलीच्या चुलतभावाला नेऊन द्यावा का? त्याच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे.
— गॅरेजवाला, ऑस्टिन

उत्तर

गॅरेजवाले, तुम्ही नाव विचारलंय तर आधी नावच सांगतो, कारणं मागून. .223 साठी जिरॉचाच ड्रिलला लावायचा छोटा ट्रिमर घ्या, ट्राय-वे नावाचा. .308 साठी तुमचा फॉर्स्टर आहे तसा राहू द्या. उरलेल्या पैशांत व्हर्नियरला लावायचा हेडस्पेस कंपॅरेटर घ्या, म्हणजे पुंगळीचा खांदा (जाड अंग निमुळतं होऊन मान सुरू होते तो उतार) बुडापासून किती अंतरावर आहे ते मोजायचा जोड. खरं तर कंपॅरेटर आधी घ्या आणि ट्रिमर नंतर. एवढं करून काही डॉलर शिल्लक राहतील, त्यात चांगला गॉगल येईल.

आता 1.748 आणि 1.753 चं कोडं. मशीन भिकार नाही, तुम्हीही नाही. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, आणि तिथे नव्या पोराला पहिला प्रश्न विचारला जायचा तो हा: जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, टेकलाय कुठे? माप किती घेतलंस ते नंतर, कुठून घेतलंस ते आधी सांग. तुमच्या मित्राचा ट्रिमर पुंगळीच्या खांद्यावर टेकतो. तुम्ही व्हर्नियर लावता तो बुडापासून तोंडापर्यंत. म्हणजे यंत्राचा डेटम, माप जिथून धरायचं ती जागा, एक आणि तपासणीचा दुसरा. मग मापं जुळायची कशी?

नीट पाहा. बूड ते खांदा हे एक अंतर, खांदा ते तोंड हे दुसरं, आणि व्हर्नियर दाखवतो ती दोन्हींची बेरीज. ट्रिमर फक्त दुसरं अंतर सारखं ठेवतो. पहिलं अंतर ठरतं तुमच्या साइझिंग डायमध्ये, म्हणजे उडालेली पुंगळी प्रेसवर दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात, ट्रिमरपर्यंत पोचायच्या आधीच. तुमच्या बादलीत वेगवेगळ्या कारखान्यांचा माल असणार: लेक सिटीच्या लष्करी पुंगळ्या असणार, फेडरलच्या असणार, पीएमसी आणि विंचेस्टरच्या असणार. कुणी एकदा उडालेली, कुणी चारदा. प्रत्येकीचं पितळ वेगवेगळं कडक झालेलं, त्यामुळे डायमधून बाहेर आल्यावर प्रत्येक पुंगळी स्प्रिंगसारखी कमी-जास्त मागे येते. एकीचा खांदा दोन हजारांश (0.002) इंच पुढे, दुसरीचा तीन मागे. ट्रिमरने दोघींच्या माना बरोबर सारख्या कापल्या, आणि व्हर्नियरवर पाच हजारांशांचा फरक दिसला. हा फरक तुमच्या प्रेसचा आणि डायचा आहे, ट्रिमरच्या माथी मारू नका.

बरं, तो फरक घातक आहे का? .223 च्या पुंगळीची कमाल लांबी 1.760 इंच, छाटून आणायची ती 1.750. ती कमाल लांबी मिलिमीटरमध्ये 44.70, लष्करी नाव 5.56 बाय 45 पडलंय ते याच लांबीवरून. तुमची दोन्ही मापं कमाल मर्यादेच्या आत आहेत. 0.010 इंचाची मोकळीक ठेवलेली असते ती अशाच फरकासाठी. तुम्ही 1.750 वर सेटिंग केलंत आणि माल दोन-तीन हजारांश इकडे-तिकडे गेला, तर बिनधास्त पुढे जा.

मर्यादा ओलांडली तर मात्र गंमत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीत, मानेसाठी जागा ठरलेली असते आणि तिच्या टोकाला एक पायरी असते. पुंगळी लांब झाली की तोंड त्या पायरीवर जाऊन आदळतं, पितळ आत वळतं आणि गोळीला घट्ट आवळून धरतं. गोळी सुटायच्या क्षणी सुटत नाही, मागे दाब चढतो. बोल्ट-अॅक्शनमध्ये हँडल बंद करताना हाताला थोडं तरी जाणवतं. एआरमध्ये बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा तुकडा, स्प्रिंगच्या जोराने आपटून बंद होतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून .223 च्या बाबतीत छाटणीत हयगय नको.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती खांद्यावर टेकणाऱ्या ट्रिमरच्या बाजूची आहे. .223 आणि .308 या दोन्ही पुंगळ्या चेंबरमध्ये खांद्यावरच अडतात. मग तोंड त्या पायरीपर्यंत पोचेल की नाही हे ठरतं खांदा ते तोंड या अंतरावर, आणि तेच अंतर हा ट्रिमर सांभाळतो. त्यामुळे बुडाकडून मोजणारा तो 'अचूक' आणि खांद्यावरचा तो 'कामचलाऊ' असं जे सरसकट बोललं जातं, ते मला पटत नाही. बुडाकडून मोजणारे लागतात ते खांदाच नसलेल्या सरळ पुंगळ्यांना. .45-70 किंवा .350 लीजंड भरायला लागलात तर ट्राय-वेचा काडीचा उपयोग नाही. पण तुमच्याकडे त्या नाहीत, तेव्हा सोडून द्या.

आता वेळेचा हिशेब. सगळे जाहिरातदार सांगतात की अमुक यंत्र तासाला इतक्या पुंगळ्या कापतं. कापायला वेळ लागतच नाही हो. वेळ खातं ते उचलणं आणि ठेवणं. साध्या ट्रिमरने कापल्यावर तोंडाच्या कडेला आतबाहेर बर, म्हणजे धारदार कंगोरा, उठते. ती काढली नाही तर गोळी बसवताना तिच्या अंगावर चरे पडतात आणि कधी तोंडच दुमडतं. म्हणजे एकदा कापायला उचला, आतली कड तासून चेंफर (उतार) मारायला उचला, बाहेरची बर काढायला पुन्हा उचला. दोन हजार पुंगळ्या म्हणजे सहा हजार वेळा उचल. एका उचलीला सहा सेकंद धरलेत तरी दहा तास झाले. तीनही कामं एकाच फटक्यात करणारं कार्बाइडचं पातं असेल तर तेच काम साडेतीन तासांच्या आत उरकतं. माझा सगळा कल ट्राय-वेकडे झुकतो तो यासाठी. याला लावायला ड्रिल लागतं, आणि टेक्सासमधल्या गॅरेजमध्ये ड्रिल नसेल असं मी मानत नाही.

तुमच्या मित्राचा ट्रिमर बहुतेक लिटल क्रो कंपनीचा असावा, तोच ज्याच्या नावातच तो जगातला सर्वोत्तम असल्याचं सांगून टाकलंय. वाईट नाही तो. बेअरिंग चांगलं, सेटिंग सोपं, किंमतही परवडते. पण तो सरळ कापून मोकळा होतो, चेंफरची दोन कामं तुमच्या गळ्यात राहतात. मोटरवर फिरणारं चेंफरिंगचं वेगळं युनिट ज्याच्याकडे आधीच आहे, त्याला मी तोच सुचवला असता.

बाकीच्या नावांबद्दल थोडक्यात. जिरॉची मोटरवाली मोठी मशीन म्हणजे याच कामाचा राजा, पण ती तुमच्या बजेटच्या बरीच पुढे जाते. शिवाय .223 वरून .308 वर जाताना होल्डर बदला, पातं पुन्हा जुळवा किंवा दुसरं कटर-हेड घ्या, हे आलंच. वर्षाला पाच-दहा हजार गोळ्या झाडणाऱ्याने ती जरूर घ्यावी. फ्रँकफर्ड आर्सेनलचं प्लॅटिनम युनिट तुमच्या पैशांत बसतं. ट्रिमर आणि आजूबाजूला फिरणारी चेंफरची टोकं एकाच डब्यात मिळतात, दोन्ही कॅलिबरांना चालतं. ड्रिलची खटपट नको असणाऱ्याला ते ठीक आहे, पण तीन उचली तशाच राहतात. आरसीबीएसचा ट्रिम प्रो-2 बुडाकडून धरतो, बांधणी भक्कम आहे, पण प्रत्येक पुंगळीला लिव्हर ओढून बसवा आणि काढा, आणि दोन हजारांच्या ढिगापुढे तो संथ वाटतो.

डिलन सांगणाऱ्या मित्राला माझा नमस्कार सांगा. त्याच्याकडे नक्कीच प्रोग्रेसिव्ह प्रेस असणार, दांडा एकदा ओढला की ओळीने बसवलेल्या सगळ्या डायांचं काम एकदम करणारा. डिलनचा मोटरवाला ट्रिमर प्रेसच्या टूलहेडवर, म्हणजे डाय बसवायच्या माथ्यावर, बसतो, त्याच्या खास डायमध्ये पुंगळी एकाच दांड्याला साइझही होते आणि कापलीही जाते, आणि कीस ओढून न्यायला व्हॅक्यूमची नळी लागते. वेगाच्या बाबतीत त्याच्या पंगतीला यातलं दुसरं काही बसत नाही. पण त्या डायमध्ये मान आवळली जाते आणि आतून फुलवणारा गोळा नसतो. मग पुढे एक स्टेशन मान उघडायला द्यावं लागतं. तुम्ही एका वेळी एकच काम करणाऱ्या साध्या प्रेसवर काम करताय असं पत्रावरून वाटतं. तसं असेल तर डिलनचं नावच काढू नका.

एक स्वस्तातला पर्यायही आहे. फॉर्स्टरच्या त्याच ट्रिमरला दांड्याच्या जागी पॉवर स्क्रूड्रायव्हर लावायचा जोड मिळतो. मनगट वाचेल. पण प्रत्येक पुंगळीला कोलेट (बूड धरणारी पकड) सोडा आणि आवळा हे चुकत नाही, आणि माझ्या मते मनगट खरं तिथेच दुखतं.

.308 चं काय? बोल्ट-अॅक्शनच्या पुंगळ्यांना सारखी सारखी छाटणी लागत असेल, तर छाटायचं यंत्र शोधण्याआधी त्या लांब का होतायत ते शोधा. इथे कंपॅरेटर कामाला येतो. उडालेल्या पुंगळीचा खांदा बुडापासून किती आहे ते मोजा, मग साइझ केलेलीचा मोजा. बोल्ट-अॅक्शनसाठी खांदा एक ते दोन हजारांश मागे गेला की बास. एआरसाठी तीन-चार. पुष्कळ जण डाय शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली आवळतात आणि वर चतुर्थांश आटा देतात, डब्यावर तसं छापलेलं असतं म्हणून. त्यात खांदा आठ-दहा हजारांश मागे जातो, पुढच्या फायरिंगला पुंगळी तेवढी ताणून भरते, आणि ते पितळ मानेकडे सरकतं. दर वेळी तुम्ही ते कापून कचऱ्यात टाकता. पण ते येतं कुठून? बुडाजवळच्या भिंतीतून. तिथे ती आतून पातळ होत जाते.

हे बघायला यंत्र लागत नाही. कागदाची क्लिप सरळ करा, टोकाला अगदी छोटा आकडा वाकवा आणि टोक घासून टोकदार करा. तो पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून बुडाकडून हळू वर ओढा. जाड बूड संपून भिंत सुरू होते त्याच्या जरा वर टोक कुठे अडखळलं, एखाद्या खाचेत पडल्यासारखं झालं, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका. बाहेरून त्याच जागी चमकदार वळं दिसलं तर तपासायचीही गरज नाही. अशा पुंगळीचं बूड एखाद्या दिवशी मागे येईल आणि पुढचा भाग चेंबरमध्येच राहील. जी पुंगळी तीन-चारदा छाटून झाली आहे, तिला ही क्लिप लावल्याशिवाय पुन्हा भरू नका.

शिवाय मानेच्या आतून थोडं वंगण लावत चला. साइझिंगनंतर फुलवणारा गोळा कोरड्या मानेतून ओढला की तो मानेला बरोबर घेऊन येतो. किंचाळल्यासारखा आवाज आला की समजा ओढली. एवढी दोन पथ्यं पाळलीत तर दोनशे .308 ना वर्षातून एखाद्या वेळी ट्रिमर दाखवावा लागेल, आणि त्याला फॉर्स्टर पुरतो. 2.015 कमाल, 2.005 वर छाटा. लष्करी 7.62 च्या पुंगळ्या हाती लागल्या तर त्या वेगळ्या ठेवा. भिंत जाड असते, आत जागा कमी राहते, आणि त्यातून मशीनगनमधून उडालेल्या असतील तर पहिल्या साइझिंगला त्या चांगल्याच लांबतात.

ट्राय-वे आला की लगेच बादली उपसू नका. आधी कामाचा क्रम बसवा: प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) काढा, धुवा, वाळवा, वंगण लावा, साइझ करा, वंगण पुसून काढा, आणि मग छाटा. साइझिंगच्या आधी छाटण्यात अर्थ नाही, कारण लांबी डायमध्येच बदलते. आणि वंगण पुसायचं मी मुद्दाम लिहिलं त्याला कारण आहे. खांद्यावर टेकणाऱ्या ट्रिमरचा एकच शत्रू, तो म्हणजे त्याच्या स्वतःच्या पोटातला कीस. वंगणाच्या चिकटपणामुळे पितळेचा बारीक तुकडा आतल्या बैठकीला बसून राहतो, पुढच्या पुंगळीचा खांदा त्यावर टेकतो आणि ती तेवढी कमी कापली जाते. तुम्हाला वाटतं सेटिंग सरकलं. तुम्ही स्क्रू सैल करून सेटिंग बदलता, तेवढ्यात तो तुकडा निघून जातो, आणि आता पुढच्या पन्नास जास्त कापल्या जातात. तेव्हा दर वीस-पंचवीस पुंगळ्यांनंतर ड्रिल थांबवून जुन्या टूथब्रशने बैठक झटकायची. माप बिघडलं असं वाटलं तर स्क्रूला हात लावायच्या आधी ब्रशला लावायचा.

सेटिंग करताना बुडावर एकाच कारखान्याचा शिक्का असलेल्या दहा पुंगळ्या वेगळ्या काढा. त्या कंपॅरेटरने मोजून खांदा सारखा आहे ना बघा. पहिली जरा लांबच कापा, मग कटर थोडा थोडा पुढे घेत 1.750 वर या आणि लॉक करा. उरलेल्या कापून पाहा. पुंगळी आत सरळ ढकलायची, नेहमी सारख्याच जोराने, आणि कापण्याचा आवाज थांबला की हातातल्या हातात अर्धा वेढा फिरवून काढायची. त्या अर्ध्या वेढ्याने तोंड चौरस येतं. तोंडाकडे भिंगातून पाहा: आतला आणि बाहेरचा उतार सारखा हवा, आणि मध्ये सपाट कड थोडी तरी राहायला हवी. तोंड सुरीसारखं धारदार झालं असेल तर पातं जास्त आत घुसतंय.

ड्रिल वायरवालं घ्या. बॅटरी उतरत गेली की वेग उतरतो आणि कापणं खडबडीत येतं. ड्रिल पकडीत आडवं बांधा, म्हणजे एक हात मोकळा राहील. फार लांब पुंगळी आत गेली की पातं चावतं आणि पुंगळी बोटांत गरकन फिरते. तेव्हा बोटं सोलतात, म्हणून लोक हातमोजे घालतात. फिरत्या यंत्रापाशी ढगळ हातमोजे मी कुणालाच घालू देत नाही. कागद मोजताना बोटांना चढवतात त्या रबरी टोप्या वापरा, पकड उत्तम येते. गॉगल लावल्याशिवाय ड्रिलचं बटण दाबायचं नाही.

बाईंचं म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे, आणि त्यांनी कीस म्हटलं तरी भीती किसाची कमी आणि काजळीची जास्त आहे. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. उडालेल्या पुंगळीच्या आत ती काळी राख असते, आणि कोरड्या टंबलरमधून (पुंगळ्या घोळवून साफ करायच्या यंत्रातून), बादली उलटी करताना, झाडू मारताना ती हवेत जाते. लहान मुलांच्या अंगात थोडं शिसं गेलं तरी नुकसान होतं. म्हणून पुंगळ्या ओल्या पद्धतीने धुवायच्या, आणि ते पाणी मुलं हात लावतील अशा जागी ठेवायचं नाही. ट्रिमरखाली काठ असलेला खोल ट्रे ठेवा. काम झालं की टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू नको, आणि घरातला व्हॅक्यूम तर मुळीच नको. काम करताना चहा-बिस्किटं टेबलावर आणू नका. हात साबणाने धुवा, अंगातला शर्ट वेगळा टाका. मुलांच्या सायकली दुसऱ्या भिंतीला लावता आल्या तर लावा. नाही तर तुमचं टेबल हलवा, सायकली आधीपासून तिथे आहेत.

आता मदतीला येणारा मित्र. त्याला शनिवारी जेवायला बोलवा, पुंगळ्या छाटायला नको. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत फक्त भरलेलं काडतूस येत नाही. रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू हेही त्यात आहे. आणि एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला तोच कायदा मनाई करतो. अपवाद आहेत, राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक. पण तो अपवाद त्याला लागू होतो का, हे तुमच्या गॅरेजमध्ये उभं राहून ठरवायचं नाही. त्याचं ग्रीन कार्ड रांगेत असेल. वकिलाला विचारल्याशिवाय त्याने एका पुंगळीलाही हात लावू नये. आणि विषय निघालाच आहे तर तुमच्यासाठीही: स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, पण मित्रांना विकून खर्च काढू म्हणालात तर उत्पादकाचा फेडरल परवाना लागतो.

सांगलीच्या चुलतभावाला ट्रिमर न्यायचा नाही. आपल्याकडच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करायची यंत्रसामग्रीही दारूगोळ्यातच धरली आहे. पीकसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगायचा असतो, काडतुसं बनवायचा नसतो. त्याची बंदूक बहुधा बारा बोअरची असणार, तिच्या काडतुसाला तुमचा ट्रिमर लागूही पडत नाही. डुकरांपासून ऊस वाचवायला तुमच्या फॉर्स्टरची त्याला गरज नाही, आणि .308 साठी तुम्हाला तो लागणारच आहे.

गावी जाताना रेंजची बॅग सामानासाठी वापरू नका, मुलांच्या शाळेच्या बॅगाही एकदा उघडून पाहा. पोरांना चकचकीत पुंगळ्या खिशात घालायची हौस असते. कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर माणसं अडकल्याच्या बातम्या येत असतात, आणि ते आपल्याला माहीत नव्हतं हे मग कोर्टात सांगत बसावं लागतं.